टाचेतून सुटणारा चेंडू

त्या माणसाने आयुष्यात एकाही सामन्यात एकही षटक टाकलं नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा तरी समज व्हायचा की हा कुणी जुना नावाजलेला खेळाडू असेल. तो पॅटर्न मिस्त्री होता. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्याने चाळीस वर्षं लाकडाचे नमुने केले. वाळूत त्या नमुन्याचा ठसा घेतात आणि ठशात वितळलेलं लोखंड ओततात. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळात जातात, नाहीतर कट्ट्यावर बसतात. याने स्विंग बॉलिंगवर संशोधन सुरू केलं. संशोधन हा शब्द त्याचा. मी तो त्याच्या बाबतीत वापरत नाही.

सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो मला पावणं म्हणे. पहिल्या दिवशी ठीक होतं. पण माझी थोरली मुलगी दोन वर्षं त्याच्या हाताखाली होती, मी रोज संध्याकाळी तिला आणायला जात होतो, आणि तरी दोन वर्षांनंतरही मी पावणंच होतो. नाव विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. माझी चाल मात्र त्याने तिसऱ्याच दिवशी नोंदवली होती. "पावणं, तुमचा उजवा पाय भाईर पडतोय. पंधरा अंश." मी त्याला काही विचारलं नव्हतं.

त्याच्या गळ्यात कोनमापक असे. शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत असतो तोच, अर्धगोल, प्लॅस्टिकचा, दोरीत ओवलेला. भाजी घ्यायला निघाला तरी तो गळ्यात असायचा. रस्त्यात कुणी हात वर करून रिक्षा थांबवली की हा थांबून एक डोळा मिटे आणि कोनमापक त्या हाताला लावल्यासारखा समोर धरी. माझ्या बायकोने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं, बिंदू चौकात. घरी येऊन ती म्हणाली, "तुम्ही पोरीला ज्यांच्याकडं पाठवताय ते बरे आहेत न्हवं?"

मी पाठवलं नव्हतं. थोरली आपणहून गेली होती. सतराव्या वर्षी तिचा स्विंग अचानक गेला. आधी चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून छान बाहेर जायचा, मग सरळ जाऊ लागला. क्लबातले प्रशिक्षक म्हणाले, वय आहे, येईल परत. मी इंटरनेटवर वाचून काढलं: शिवण साधारण वीस अंश तिरकी हवी, चेंडूला मागे फिरकी हवी, एक बाजू गुळगुळीत हवी म्हणजे दोन बाजूंनी हवा वेगवेगळी सुटते. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं आणि चेंडू सरळच जात राहिला. तेव्हा मैदानाच्या भिंतीपलीकडे सायकल टेकवून एक म्हातारा उभा असायचा आणि तिने प्रत्येक चेंडू टाकला की एकच शब्द बोलायचा. "टाच."

चौथ्या दिवशी थोरलीने भिंतीशी जाऊन विचारलं, "टाच काय?"

"चेंडू हातातनं सुटत न्हाय, पोरी. टाचंतनं सुटतोय."

हे त्याचं मुख्य वाक्य. दोन वर्षांत मी ते किमान तीनशे वेळा ऐकलं. वर उदाहरण उसाच्या ट्रॅक्टरचं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जोरात चालला आणि पुढे कचकन ब्रेक लागला तर मागची ट्रॉली झोकांडी खाते की नाही? तसा बॉलरचा पुढचा पाय म्हणजे ब्रेक. टाच रुतली की गुडघा थांबतो, गुडघा थांबला की कंबर फिरते, मग खांदा, मग मनगट. "मनगाट म्हंजे मागली ट्रॉली. लोकं ट्रॉलीवर बसून स्टेरिंग फिरवत्यात." मी म्हणालो, आणि हवा? स्विंग हवेमुळे होतो, हे सिद्ध झालेलं आहे. तो म्हणाला, "वारं कुणी बगितलंय? टाच दिसतीया."

माझ्यासारख्या माणसाने यावर काय बोलायचं? मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करतोय. दुधातली फॅट एका दशांशापर्यंत मोजतो आणि ती लिहिल्यावर खाली सही करतो. आकड्यामागे काय आहे ते सांगता आलं पाहिजे, अशी मला सवय आहे. मिस्त्रीचे आकडे कुठून येतात हे तो कधीच सांगायचा नाही. विचारलं की एकच उत्तर: "बगून."

दुधावरून आठवलं. एका संध्याकाळी तो थोरलीला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घेऊन गेला. तिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतात. मी न्यायला गेलो तर मैदान रिकामं. फोन केला तर ही म्हणते, "पप्पा, आम्ही म्हशीजवळ हाय."

गेलो. मिस्त्री धार काढणाऱ्याशेजारी उकिडवा बसला होता, कोनमापक म्हशीच्या पोटाला लागत होता. "बोटं बगू नगंस. मनगाट बग. हालतंय का? बोटं सगळं काम करत्यात, मनगाट गप. तसा चेंडू सोडायचा." मग मला पाहून म्हणाला, "या पावणं. दुदात लई शिकण्यासारखं हाय."

माझ्यासमोर. दुधाबद्दल. धार काढणारा गडी गालात हसत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, ही बॉलिंग शिकायला येते. म्हैस पिळायला नाही."

"म्हैस पिळाय अवगड असतंय, पावणं. जमलं तर सांगा."

त्याने एक लाकडी चेंडू केला होता, तेवढा एक मला मान्य करण्यासारखा. सागवानाचा, लेथवर कातलेला, अर्धा लाल आणि अर्धा पांढरा, मधे दोऱ्याची शिवण चिकटवलेली. नीट सोडला तर हवेत लाल आणि पांढरा वेगळे दिसतात. मनगट हललं तर रंग मिसळून गुलाबी दिसतो. थोरलीने तो रोज बेचाळीस वेळा टाकायचा. बेचाळीसच का? उत्तर नाही. गुलाबी हा शब्द मग त्याच्या बोलण्यात सगळीकडे शिरला. पातळ चहा गुलाबी. उशिरा आलेली एसटी गुलाबी. एकदा मी नवा शर्ट घालून गेलो, चांगला आकाशी रंगाचा, तर तो थोरलीला म्हणाला, "तुजा बाबा आज गुलाबी दिसाय लागलाय." आणि ती हसली. घरचं माणूस परक्याच्या विनोदावर हसलं की फार लागतं.

दोन महिन्यांत तिचा चेंडू पुन्हा बाहेर जाऊ लागला. मी म्हणालो, वयाचं होतं, आलं परत.

आता त्याच्या काठीबद्दल सांगतो. दोन मीटरची सागवानी काठी, त्याने स्वतः केलेली, वर सेंटिमीटरच्या खुणा कोरलेल्या. थोरलीचा रनअप त्याने त्या काठीने बसवला होता. क्रीजपासून काठी सात वेळा टाकायची, वर चाळीस सेंटिमीटर: चौदा मीटर चाळीस. तिथे खूण. तिथून ती धावली की पुढची टाच क्रीजच्या मागे बरोबर चार बोटांवर पडायची. हे पाहण्यासाठी तो तिच्या बुटाच्या टाचेला कपड्यांची नीळ लावायचा, म्हणजे जमिनीवर ठिपका उठतो. सामना कुठेही असो, मिस्त्री सायकलला काठी बांधून हजर. खूण स्वतः करायचा, दुसऱ्याला काठीला हात लावू द्यायचा नाही. मी स्वतः वहीत लिहून ठेवलंय: दोन वर्षांत तिचे सामन्यांतले नो-बॉल चार.

पण त्याला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. कागलच्या एका सामन्यात तो षटक चालू असताना सरळ मैदानात चालत गेला. एका हातात निळीची पुडी, गळ्यात कोनमापक. पंचांनी खेळ थांबवला. मिस्त्री गुडघ्यावर बसून थोरलीच्या बुटाला नीळ लावत होता आणि पंचांना सांगत होता, "दोन मिंटं. पुसली गेलीया." माझ्या ऑफिसातले दोघे सामना बघायला आले होते. त्यातला एक म्हणाला, "साहेब, हे आजोबा तुमचेच का?" मी म्हणालो, ओळखीचे नाहीत.

त्या दिवशी मी ठरवलं की जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी असेल तेव्हा हा माणूस तिथे नको. थोरलीचं ते त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. एकच सकाळ, दोन षटकं, बारा चेंडू. ती गेली वर्षभर त्या बारा चेंडूंसाठी उठत होती. निवड करणाऱ्यांसमोर कुणी म्हशीवर व्याख्यान द्यायला नको होतं.

आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "सकाळी साडेसहाला नाक्यावर थांबतो. काठी बांधून."

"तुम्ही नका येऊ, मिस्त्री. तिथे बाहेरच्यांना परवानगी नाही." हे खरं नव्हतं.

त्याने सायकलचं स्टँड काढलं. मग म्हणाला, "बरं. मग काठी घिऊन जावा."

"आकडा माहीत आहे की. चौदा चाळीस. माझ्याकडे स्टीलची टेप आहे."

"टेप बाजारातली न्हवं?"

"चांगल्या कंपनीची."

"काठी न्या, पावणं."

"गाडीत मावत नाही," मी म्हणालो. मावली असती.

चाचणी एका साखर कारखान्याच्या मैदानावर, सरावाच्या जाळीत होती. आईबापांना जाळीच्या कडेने उभं राहता येत होतं. थोरलीचं नाव पुकारल्यावर मी टेप काढली, क्रीजपासून ओढली, दोनदा तपासली आणि चौदा मीटर चाळीसवर चुन्याची रेघ मारली. ती तिथे उभी राहिली. एक पाऊल मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"पप्पा, जवळ वाटतंय."

"टेप खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

पहिला चेंडू इतका सुरेख बाहेर गेला की फलंदाज मुलीची बॅट हवेत राहिली. मागे कुणीतरी वा म्हणालं. आणि पंचाने हात आडवा केला. नो-बॉल. दुसरा तसाच, बाहेर गेला, नो-बॉल. तिसराही. निवड समितीतल्या बाई म्हणाल्या, "बाळ, जरा मागनं ये." पण मागून यायचं म्हणजे काय ते तिला कुणी सांगायचं? खूण बापाने मारली होती. ती खुणेवरूनच धावली आणि शेवटचं पाऊल आखडून घेतलं. टाच रुतली नाही. गुडघा वाकला, खांदा पडला, मनगट सैल झालं, आणि चेंडू सरळ गेला. पुढचे सगळे सरळ. मला जाळीच्या कडेने सगळं क्रमाने दिसत होतं, टाचेपासून मनगटापर्यंत, अगदी त्या मूर्ख ट्रॅक्टरसारखं.

यादीत तिचं नाव नव्हतं. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला मात्र राग आला होता आणि राग कुणावर हे पक्कं होतं. दोन वर्षं ज्याने माझ्या मुलीला एक आकडा पढवला त्याला तो आकडासुद्धा धड काढता आला नव्हता. संध्याकाळी वही आणि टेप घेऊन मी त्याच्या घरी गेलो. थोरली म्हणाली, "मी पण येतो." तिला स्कूटरवर मागे घेतलं आणि तिथे पोचल्यावर स्कूटरपाशी थांबवलं.

मिस्त्री अंगणात रंधा मारत बसला होता. मी सगळं सांगितलं: चौदा चाळीस, तीन नो-बॉल. तो रंधा थांबवून एवढंच म्हणाला, "टाच कुठं पडली?"

"क्रीजच्या पुढे. चारेक बोटं."

तो उठला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि जमिनीवर ठेवली. "लावा टेप."

मी टेप लावली. काठी दोन मीटर दोन सेंटिमीटर भरली. पुन्हा लावली. दोन मीटर दोन.

"मिस्त्री, तुमची काठी चुकीची आहे."

"चूक न्हाय. आकसाची हाय."

मग त्याने मला सांगितलं, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. लोखंड ओतल्यावर थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवर खुणाच तेवढ्या लांबवून मारलेल्या असतात. चाळीस वर्षं त्याने तीच पट्टी वापरली. काठीवरच्या खुणा तिच्यावरूनच घेतल्या. घरात दुसरी पट्टीच नव्हती.

"मैदान म्हणजे वितळलेलं लोखंड आहे का?" मी म्हणालो.

"न्हाय की."

"मग ही पट्टी कशाला वापरली?"

"पोरीचा पाय ह्याच पट्टीवर बसलाय. चूक पट्टीत नसती, पावणं. एका कामाला दोन पट्ट्या लावल्या की चूक येती. पॅटर्न शॉपमदी पयल्या दिवशी शिकीवत्यात." आणि वर म्हणाला, "म्हून म्हटलं हुतं, काठी न्या."

मी उभ्या उभ्या हिशेब केला. चौदा चाळीसला चौदा पूर्णांक चार सेंटिमीटर कमी. चार बोटं मागे पडणारी टाच चार बोटं पुढे पडली. आकडे तंतोतंत जुळत होते. आमच्या प्रयोगशाळेतही हाच नियम आहे: नमुना ज्या नळीत सुरू केला तिच्यातच संपवायचा, मधे नळी बदलायची नाही. नव्या पोराने बदलली तर मी त्याला बाहेर काढतो.

तेवढ्यात थोरली अंगणात आली. तिने जमिनीवरची काठी पाहिली, टेप पाहिली. मी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाला, "पोरी, माजी काठी खोटी निघाली. माज्यामुळं गेलं तुजं."

मी बोलू शकलो असतो. बावीस वर्षं मी प्रत्येक आकड्याखाली सही केली आहे. त्या संध्याकाळी मी टेप गुंडाळून खिशात घातली आणि स्कूटर चालू केली.

वाटेतल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती मागून म्हणाली, "मिस्त्रींना खोटं बोलाय येत न्हाय."

"म्हणजे?"

"त्याच काठीनं दोन वर्षं चार नो-बॉल. आज एका सकाळी तीन. तुमच्याच वहीत हाय की, पप्पा."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. "हो," मी म्हणालो. "खूण मी मारली होती. काठी तो देत होता, मी नेली नाही." घर येईपर्यंत तिने एका हाताने मागची दांडी धरली होती. एरवी माझा खांदा धरते.

पुढच्या वर्षी महिलांच्या खुल्या गटाची चाचणी आली, त्याच मैदानावर. सकाळी सहाला मी गाडी घेऊन मिस्त्रीच्या दारात गेलो. तो आधीच तयार होता, धुतलेला सदरा, कोनमापक. काठी मागच्या काचेपासून पुढच्या दोन सीटच्या मधून तिरकी बसली. "मावली की, पावणं," तो म्हणाला. मी गाडी सुरू केली.

मला ज्या ज्या गोष्टींची भीती होती त्या सगळ्या घडल्या. निवड समितीतल्या बाईंना त्याने गाठलं आणि दहा मिनिटं ट्रॅक्टर सांगितला. त्यांच्या हाताला कोनमापक लावला. मग म्हशीवर आला. एका मुलीचे वडील मला म्हणाले, "कोण हो हे?" मी म्हणालो, "आमचे मिस्त्री." तेवढ्यावर विषय संपेल असं वाटलं होतं, पण त्यांनी आणखी विचारलं आणि मला टाचेचं सगळं सांगावं लागलं. मी ते बरंच नीट सांगितलं, हेही मला आवडलं नाही.

मिस्त्री आता आजऱ्याला लेकीकडे असतो. तिथे काजू सोलणाऱ्या बायकांची मनगटं बघत बसतो म्हणे, त्यांना काय त्रास होत असेल तो होवो. माझं त्याच्याबद्दलचं मत बदललेलं नाही. ज्याला आपल्या हातातला मीटर खरा मीटर नाही हे कुणाला आधी सांगावंसं वाटत नाही, त्या माणसाला मी शास्त्रज्ञ म्हणणार नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. थोरलीचं नाव पुकारलं. मिस्त्रीने तिच्या टाचेला नीळ लावली आणि काठी उचलली. मी टेप घरी ठेवून आलो होतो. काठी सात वेळा पडली, प्रत्येक वेळी तिचं टोक जिथे आलं तिथे त्याने मला बोट टेकून ठेवायला लावलं. "दाबून धरा, पावणं. हालू नगा." मी पँटचे गुडघे मातीत टेकून बोट दाबून धरलं, सातही वेळा, सगळ्यांसमोर. थोरली खुणेवर उभी राहिली. मागे गेली नाही, पुढे आली नाही.

ती धावत आली. चेंडू सुटला तेव्हा जाळीभोवतीच्या सगळ्यांच्या माना त्याच्यामागे फिरल्या. तो किती बाहेर गेला ते मला सांगता येणार नाही, मी पाहिलंच नाही. मी खाली बघत होतो. पांढऱ्या रेघेच्या मागे, चार बोटांवर, निळा ठिपका होता.